सत्तर टक्क्यांचा आकडा आणि तुमचा होणारा जावई

नाशिकहून एका वाचक भगिनीने पाठवलेले पत्र थोडक्यात असे आहे:

"माझी मुलगी बत्तीस वर्षांची असून गेली सात वर्षे अमेरिकेत अटलांटा शहरात नोकरी करते. तिने तिथल्या एका कृष्णवर्णीय शिक्षकाशी लग्न करायचे ठरवले आहे. तो छत्तीस वर्षांचा आहे आणि शाळेत गणित शिकवतो. त्याच्या आईवडिलांचे लग्न कधीच झाले नव्हते. त्याला आईने आणि आजीने वाढवले. त्याला आधीच्या संबंधातून नऊ वर्षांची मुलगी आहे आणि तिच्या आईशीही त्याने लग्न केले नव्हते. न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या पुतण्याने मला आकडे पाठवले, की त्या समाजात शंभरातली सत्तर मुले लग्नाविना जन्मतात. माझ्या यजमानांनी मुलीशी बोलणे टाकले आहे. मला वर्णाचे काही नाही, असे मी स्वतःला सांगते, पण रात्री झोप येत नाही. तो तिला सोडून गेला तर? यांना मुले झाली तर ती कोणाची म्हणवतील? आणि लग्न झालेच, तर पत्रिकेत त्या मुलीचा उल्लेख करायचा की नाही?"

ताई, सप्रेम नमस्कार.

"असे मी स्वतःला सांगते" हे तुमचे शब्द मी दोनदा वाचले. स्वतःच्या मनाकडे इतक्या प्रामाणिकपणे पाहणाऱ्या आईला गोड बोलून समजावणे योग्य होणार नाही, म्हणून ज्या आकड्याने तुमची झोप उडवली आहे त्याच्यापासूनच सुरुवात करते.

तुमच्या पुतण्याने पाठवलेला आकडा खरा आहे. अमेरिकेत कृष्णवर्णीय मातांच्या पोटी जन्मणाऱ्या मुलांपैकी सुमारे ७० टक्के मुलांच्या जन्माच्या वेळी आई अविवाहित असते. लॅटिन अमेरिकी वंशाच्या मातांमध्ये हे प्रमाण निम्म्याहून थोडे अधिक, श्वेतवर्णीयांमध्ये २८ टक्क्यांच्या आसपास आणि आशियाई वंशाच्या मातांमध्ये साधारण १२ टक्के आहे. त्यात आणखी एक गोष्ट मीच घालते, कारण ती तुम्हाला उद्या दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा आज कळलेली बरी. चाळिशीच्या सुरुवातीपर्यंत दहांपैकी जवळजवळ नऊ श्वेतवर्णीय स्त्रियांचे एकदा तरी लग्न झालेले असते, तर कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये हे प्रमाण दोन तृतीयांशांहूनही कमी आहे, आणि झालेली लग्ने मोडण्याचे प्रमाणही त्यांच्यात अधिक आहे. यातले काहीही मी नाकारणार नाही.

मात्र हा आकडा मोजतो काय, हे पुतण्याने सांगितलेले दिसत नाही. बाळ जन्मले त्या दिवशी आईचे लग्न झालेले होते की नव्हते, एवढेच त्यातून कळते. वडील त्या घरात राहतात का, रात्री उठून बाळाला घेतात का, शाळेची फी भरतात का, यांपैकी काहीच त्यातून कळत नाही. अमेरिकेत लग्नाविना जन्मणाऱ्या सर्व मुलांचा विचार केला, तर त्यांतील निम्म्याहून अधिक मुलांचे आईवडील जन्माच्या वेळी एकाच छपराखाली राहत असतात. आइसलँड या जवळजवळ संपूर्ण श्वेतवर्णीय देशातही सुमारे ७० टक्के मुले लग्नाविना जन्मतात, आणि म्हणून तिथले बाप पळपुटे आहेत असे कोणी म्हणत नाही. अर्थात दोन्हीकडची परिस्थिती सारखी नाही. आइसलँडमध्ये आई आणि वडील दोघांनाही सहा-सहा महिन्यांची भरपगारी नसली तरी सवेतन रजा मिळते, उलट अमेरिकेच्या राष्ट्रीय कायद्याने १९९३ पासून मिळते ती फक्त बारा आठवड्यांची बिनपगारी रजा, आणि तीही सर्वांना नाही. त्यामुळे अमेरिकेतल्या एकट्या आईचा संसार फार ओढगस्तीचा होतो. तुमच्या भीतीचे मूळ याच ओढगस्तीत आहे, आणि ती भीती मला खोटी वाटत नाही.

आता हा आकडा आला कुठून, हे थोडे सविस्तर सांगते, कारण तुमच्या पत्रातील "त्या समाजात" या दोन शब्दांमागे असे गृहीत दिसते की त्या लोकांना लग्नाची चाडच नाही. इतिहास याच्या उलट आहे. गुलामगिरीच्या काळात कृष्णवर्णीय स्त्रीपुरुषांच्या लग्नाला कायद्याने काहीच अस्तित्व नव्हते. मालकाच्या मर्जीने नवरा एका राज्यात आणि बायको दुसऱ्या राज्यात विकली जाई, आणि म्हणून लग्न लावणारे धर्मोपदेशक "मृत्यू आपल्याला वेगळे करीपर्यंत" या शपथेत बदल करून "मृत्यू किंवा अंतर" असे म्हणत. तरीही माणसे लग्ने लावत राहिली. १८६५ मध्ये गुलामगिरी संपल्यावर, वीस-वीस, तीस-तीस वर्षे एकत्र संसार केलेली जोडपी आपल्या लग्नाची कागदोपत्री नोंद व्हावी म्हणून सरकारी कचेऱ्यांपुढे उभी राहिली, आणि विकल्या गेलेल्या नवऱ्याचा, बायकोचा, लेकरांचा शोध घेणाऱ्या जाहिराती त्यानंतर कित्येक वर्षे वर्तमानपत्रांत छापून येत राहिल्या. १८९० पासून १९४० पर्यंतच्या जनगणना पाहिल्या, तर कृष्णवर्णीय स्त्रियांची लग्ने श्वेतवर्णीय स्त्रियांपेक्षा लवकर होत होती. म्हणजे गुलामगिरीतून बाहेर पडून तीन पिढ्या हा समाज लग्नाला घट्ट धरून होता, आणि आज दिसणारी दरी प्रामुख्याने १९६० नंतरची आहे.

त्या सुमारास नेमके काय घडले? दक्षिणेतील शेतमजुरी सोडून लाखो कृष्णवर्णीय कुटुंबे डेट्रॉइट, शिकागो, क्लीव्हलँड अशा शहरांत कारखान्यांतील कामासाठी गेली होती, आणि १९७० नंतर तेच कारखाने एकामागून एक बंद पडले किंवा दुसरीकडे गेले. गिरण्या बंद पडल्यावर लालबाग-परळच्या घरांचे काय झाले हे आपल्याकडे ज्यांनी पाहिले, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. बाप्याची नोकरी गेली की घराची घडी कशी विस्कटते ते मराठी माणसाला ठाऊक आहे. विल्यम ज्युलियस विल्सन या समाजशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये हेच मांडले, की प्रश्न लग्नाच्या इच्छेचा नसून, ज्यांच्या जिवावर संसार मांडता येईल अशा कमावत्या पुरुषांची संख्याच घटल्याचा आहे. त्यावर तुरुंगांची भर पडली. १९८६ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात, गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांत विकल्या जाणाऱ्या क्रॅकच्या, म्हणजे कोकेनच्याच ओढण्याच्या स्वस्त प्रकाराच्या, ५ ग्रॅमला जी किमान शिक्षा ठेवली, तीच शिक्षा कोकेनच्या भुकटीला ५०० ग्रॅम झाल्याशिवाय होत नव्हती, आणि शंभरास एक हे प्रमाण २०१० पर्यंत टिकले. १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील कैद्यांची संख्या साडेतीन लाखांहूनही कमी होती. २००८ पर्यंत ती सुमारे २३ लाखांवर गेली, आणि त्यांत कृष्णवर्णीय पुरुष त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने कितीतरी अधिक होते. कैद आणि अकाली मृत्यू यांचा परिणाम असा, की २०१५ च्या एका मोजणीनुसार २५ ते ५४ या वयोगटात तुरुंगाबाहेरच्या दर १०० कृष्णवर्णीय स्त्रियांमागे ८३ च पुरुष उरले होते. श्वेतवर्णीयांमध्ये ही संख्या ९९ होती. लग्नाळू मुलींच्या गावातून दर सहांपैकी एक मुलगा नाहीसा झाला, तर तिथली लग्ने कशी जमतील, याचा आपणच विचार करावा.

कल्याणकारी मदतीचे नियमही संसाराच्या विरोधात होते. घरात पुरुष आढळला तर मुलांच्या पोषणाची सरकारी मदत बंद करण्याचा नियम अनेक राज्यांत होता, आणि तो पुरुष शोधण्यासाठी अधिकारी मध्यरात्री झडत्या घेत. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अलाबामा राज्याचा असा नियम रद्द केला, पण तोवर पुष्कळ घरे मोडली होती.

आणखी एक आकडा तुमच्या पुतण्यासाठी आहे. १९६५ मध्ये अमेरिकी सरकारमधील डॅनियल मॉयनिहन यांनी कृष्णवर्णीय कुटुंबांवर एक अहवाल लिहिला आणि हे कुटुंब मोडकळीला आले आहे असा इशारा दिला. त्या वेळी कृष्णवर्णीयांमध्ये लग्नाविना जन्मांचे प्रमाण सुमारे २४ टक्के होते. आज श्वेतवर्णीय अमेरिकी त्या आकड्याच्या पुढे गेले आहेत, आणि त्यांच्यातही अल्पशिक्षित व तुटपुंज्या कमाईच्या वर्गात लग्ने अशीच कमी झाली आहेत. वर्णाने ज्याचा उलगडा होत नाही असे पुष्कळ काही नोकरी आणि शिक्षण यांनी उलगडते. सगळेच उलगडते असे मी म्हणणार नाही. शिकलेल्या, स्थिरावलेल्या कृष्णवर्णीयांमध्येही लग्नाचे प्रमाण बरोबरीच्या श्वेतवर्णीयांपेक्षा कमी आहे. मुलांच्या संख्येबद्दल मात्र जे बोलले जाते ते आता जुने झाले आहे. कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय स्त्रियांचा जननदर आज जवळजवळ सारखा, दीड ते पावणेदोनच्या दरम्यान आहे, आणि किशोरवयीन मातांचे प्रमाण १९९१ पासून तीन चतुर्थांशांहून अधिक घटले आहे.

ताई, इथे थोडे आपल्या घराकडे पाहण्याची परवानगी द्या. आपल्याकडे लग्नाविना जन्मलेली मुले मोजणीत जवळजवळ दिसतच नाहीत, आणि त्याचा आपल्याला अभिमान वाटतो. पण १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांना पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडावे लागले, ते अशी मुले जन्मत होती आणि जन्मताच मारली जात होती म्हणून. त्यांनी आपलासा केलेला यशवंत हा एका विधवा ब्राह्मण स्त्रीचा मुलगा होता. पुढे १८७३ मध्ये जोतीरावांनी आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील कृष्णवर्णीय गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला, म्हणजे तुमच्या होणाऱ्या जावयाच्या पूर्वजांची कहाणी मराठी माणसाला दीडशे वर्षांपूर्वीच आपली वाटली होती. आजचेही पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले आढळले. सतराव्या वर्षी आई झालेल्या त्या मुलीचे बाळ आपल्या हिशेबात रीतसर जन्मलेले ठरते. कोणता समाज मुलांवर माया करतो, हे विवाहनोंदणीच्या वहीतून ठरवता येत नाही असे माझे ठाम मत आहे.

आता त्या माणसाकडे वळू, कारण लग्न तुमच्या मुलीचे त्याच्याशी व्हायचे आहे. कोणत्याही वरसंशोधनात न मिळणारी एक गोष्ट तुम्हाला इथे मिळते आहे: हा पुरुष बाप म्हणून कसा आहे, याचा नऊ वर्षांचा पुरावा तुमच्यासमोर आहे. पत्रात तुम्ही त्या मुलीचा उल्लेख उणेपणाच्या सुरात केला आहे. मी तिच्याकडेच सर्वांत आधी पाहीन. ती आठवड्यातले किती दिवस त्याच्याकडे असते, तिच्या शाळेतल्या बाईंचे नाव त्याला माहीत आहे का, ती आजारी पडली तर कोण रजा घेतो, तिच्या आईशी तो कोणत्या शब्दांत बोलतो, हे तुमच्या मुलीला माहीत असणार. तिला विचारा, आणि उलटतपासणीचा सूर न लावता विचारा. अटलांटा ज्या राज्यात आहे त्या जॉर्जियाच्या कायद्यात लग्नाविना जन्मलेल्या मुलाचा ताबा मुळात एकट्या आईकडे असतो, आणि बापाला ताब्याचा किंवा भेटीचा हक्क हवा असेल तर त्याला न्यायालयात अर्ज करून आपले पितृत्व कायदेशीर करून घ्यावे लागते. ती मुलगी जॉर्जियात जन्मली असेल, तर त्याने हा अर्ज केला होता का, हे जाणून घ्या. केला असेल, तर केवळ बाप म्हणवून घेण्यासाठी हा माणूस खर्च करून कोर्टाची पायरी चढला आहे. केला नसेल, तर का केला नाही, हे तुमच्या मुलीने लग्नाआधी त्याला विचारायलाच हवे.

त्याच्यासारख्या वडिलांविषयी एक सरकारी अभ्यासही आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१३ मध्ये वडिलांच्या रोजच्या सहभागाची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात मुलांना आंघोळ घालणे, कपडे चढवणे, सोबत जेवणे, अभ्यास घेणे यांत कृष्णवर्णीय वडील इतरांच्या बरोबरीने, काही बाबतींत त्यांच्याहून अधिक भाग घेताना आढळले, आणि मुलांपासून वेगळ्या घरात राहणाऱ्या वडिलांची तुलना केली तरीही चित्र तसेच होते.

पहिल्या मुलीच्या आईशी लग्न का झाले नाही, हा प्रश्न मात्र टाळू नका. तो विचारण्याचा हक्क तुमच्या मुलीचा आहे, तुमचा नाही. तुम्ही तिला एवढेच सांगा, की या प्रश्नाचे उत्तर तिने त्याच्याकडून पूर्ण ऐकलेले असावे. ज्याने आईवडिलांचे लग्न कधी पाहिले नाही, असा माणूस आता लग्न करायचे म्हणतो, यामागे त्याचा काही विचार असणार, आणि तो त्याच्या तोंडून ऐकण्यासारखा असेल. सोडून जाण्याच्या भीतीवर माझ्याकडे हमी नाही, आणि नाशिकमधल्या एखाद्या स्थळाबद्दलही ती मी देऊ शकले नसते. तुमची मुलगी स्वतः कमावती आहे, आणि अमेरिकेत मुलांचा खर्च टाळणाऱ्या पालकाच्या पगारातून तो कापून घेण्याची सरकारी यंत्रणा आहे. याने दुःख टळत नाही, पण उघड्यावर पडण्याची वेळ सहसा येत नाही.

नातवंडे कोणाची म्हणवतील, असे तुम्ही विचारले आहे. तुमची म्हणवतील, आणि त्याच्या आईचीही. १९६७ पर्यंत जॉर्जियासह १६ राज्यांत आंतरवर्णीय विवाह गुन्हा होता, आणि जॉर्जियाच्या कायद्यात श्वेतवर्णीयांनी ज्यांच्याशी लग्न करू नये अशांच्या यादीत आफ्रिकी वंशाबरोबर भारतीय वंशाचाही उल्लेख होता, म्हणजे त्या कायद्याच्या नजरेत तुमची मुलगी आणि तो एकाच बाजूला उभे होते. रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग या जोडप्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे सर्व कायदे रद्द केले. त्या वर्षी नवविवाहितांपैकी ३ टक्के लोकांनी वेगळ्या वर्णाच्या किंवा वंशाच्या जोडीदाराशी लग्न केले होते. २०१५ मध्ये हे प्रमाण १७ टक्के झाले. अटलांटासारख्या शहरात तुमची नातवंडे वर्गात एकटी पडतील असे मला वाटत नाही. कृष्णवर्णीय म्हणून त्यांच्या वाट्याला काही अन्याय येतील हे खरे आहे, आणि ते कसे पेलायचे हे त्यांना शिकवणारी आजी त्यांच्या वडिलांकडे आहे. तिच्याशी तुमची ओळख लवकर व्हावी असे मला मनापासून वाटते.

एक व्यावहारिक गोष्ट, जी आकड्यांच्या चर्चेत कोणी तुम्हाला सांगितली नसेल. अमेरिकेत दर १३ कृष्णवर्णीय बाळांपैकी सुमारे एक बाळ सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक असते. वाहक स्वतः सहसा निरोगी असतो. आपल्याकडे विदर्भ, नंदुरबार, गडचिरोली या भागांत सिकलसेल आहे, आणि थॅलेसेमिया या तशाच आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक तर भारतात शंभरांत तीन-चार असतात. दोघेही वाहक असतील, किंवा एकाकडे सिकलसेल आणि दुसऱ्याकडे बीटा थॅलेसेमियाचा अंश असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. मूल होऊ देण्याआधी दोघांनीही रक्ताची एचपीएलसी किंवा हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस ही साधी तपासणी करून घ्यावी. पत्रिका जुळवण्याऐवजी ही जुळवावी, असा आग्रह तुम्ही आई म्हणून जरूर धरा.

तुमच्या यजमानांना हे पत्र वाचायला द्या, पण त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांना एकच विनंती करा: त्या मुलाशी अर्धा तास फोनवर बोलावे, आणि गणितावर बोलावे. मुलीशी बोलणे टाकून ते तिला परावृत्त करू शकणार नाहीत. मात्र उद्या तिला खरोखर काही अडचण आली, तर ती वडिलांना फोन करणार नाही, आणि तुम्हाला ज्याची सर्वांत जास्त भीती वाटते ते एकटेपण तिच्या वाट्याला घरूनच येईल.

लग्न नाशिकला नोंदवायचे असेल, तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि दोघांपैकी एकाला त्या जिल्ह्यात आधी ३० दिवस राहावे लागते, हे तारखा ठरवताना लक्षात ठेवा. जॉर्जियात तिथल्या काउंटीच्या प्रोबेट न्यायालयातून परवाना घेऊन ते फार लवकर होते. मग इथे फक्त विधी आणि जेवण ठेवता येईल.

आणि पत्रिकेबद्दल. हो, त्या मुलीचे नाव घालावे, तिच्या आईची संमती घेऊन. आपल्या पत्रिकांत लहान मुलांच्या नावाने "आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं" अशी एक ओळ खाली असतेच. ती ओळ या वेळी तिच्या नावाने छापा, "माझ्या बाबांच्या लग्नाला नक्की या" अशी, आणि छापायला देण्याआधी तिला दाखवून विचारा, की तिच्या नावाचे देवनागरी लेखन तिला आवडले का.